विल्यम्सने नोंदवलेली साक्ष

१८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील न्यूटनच्या धर्मशास्त्र विद्यालयातून एक कृष्णवर्णीय तरुण पदवी घेऊन बाहेर पडला, हे मात्र कुणी सांगत नाही. वर्गात मी त्याचे नाव घेतले की विद्यार्थी विचारतात, "सर, म्हणजे राष्ट्राध्यक्षच ना?" नाव जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स.

जन्म १८४९ चा, पेनसिल्व्हेनियातला. चौदाव्या वर्षी खोटे नाव सांगून तो यादवी युद्धात शिपाई झाला. विशीत आला तरी त्याला शुद्ध लिहिता येत नव्हते. घरात पहिल्यांदा पाटी आलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट त्याच्या पदवीपेक्षा मोठी वाटते. पुढे बोस्टन आणि सिनसिनाटी येथे तो बॅप्टिस्ट पाद्री होता. १८७९ साली ओहायोच्या विधिमंडळावर निवडून आलेला तो पहिला कृष्णवर्णीय. पण राजकारण एका मुदतीतच आटोपले. स्वजनांचीच दफनभूमी बंद करण्याचे विधेयक त्याने मांडले आणि माणसे बिथरली. त्यांचा राग मला रास्त वाटतो.

४ जुलै १८७६ च्या भाषणासाठी टिपणे काढता काढता त्याला इतिहासाने धरले. १८८२-८३ मध्ये १६१९ पासून १८८० पर्यंतचा अमेरिकन निग्रोंचा इतिहास दोन खंडांत आला. नंतर कृष्णवर्णीय पलटणींवरचा ग्रंथ. ज्यांच्याविषयी कुणी कागद जपला नव्हता, त्यांच्यासाठी त्याने वर्तमानपत्रे आणि सरकारी दप्तरे पालथी घातली.

आणि मग काँगो. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड तिथे परोपकार करतो, यावर त्याचाही विश्वास बसला होता. १८९० साली तो स्वतः गेला. तिथूनच राजाला उघडे पत्र लिहिले. गोऱ्यांनी कोटाखाली विजेच्या बॅटऱ्या लपवून हस्तांदोलन करायचे, धक्का बसलेल्या आफ्रिकन सरदाराला ती गोऱ्याची दैवी ताकद वाटायची, आणि अशा युक्त्यांनी गावेच्या गावे लिहून घेतली जायची, हे त्याने राजाच्याच तोंडावर मांडले. चाबूक, गुलामी, जाळलेली गावे, सारे कलमवार.

१८९१ साली इंग्लंडमध्ये ब्लॅकपूल येथे वयाच्या ४१ व्या वर्षी तो वारला. लिओपोल्डच्या हातून काँगो सुटायला १९०८ उजाडले. विल्यम्सच्या थडग्यावर नाव मात्र १९७५ साली कोरले गेले. तो दगड जॉन होप फ्रँकलिन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने बसवला. त्यानेच १९८५ साली त्याचे चरित्र लिहिले.