काष्टीचें स्टेशन आणि एस. टी.ची गाडी

दौंडहून मनमाडकडे आगगाडीनें निघालें, कीं भीमा ओलांडल्यावर थोड्याच वेळांत काष्टीचें स्टेशन लागतें. श्रीगोंदें तालुक्यांतील हें गांव जनावरांच्या आठवडी बाजारासाठीं दूरवर ठाऊक आहे. गांवाला लोहमार्ग आहे, दौंड-नगर हमरस्ताही आहे. तरीहि रोज कामाला किंवा कॉलेजला जाणारास स्वतःच्या वाहनाचीच चिंता करावी लागते. असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं खुला झाला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळांत पोटासाठीं आलेल्या मजुरांचे श्रम त्यांत ओतले गेले. परंतु मार्ग आंखला गेला तो जी. आय. पी. रेल्वेच्या सोलापुराकडील व भुसावळाकडील फांट्यांना जोडण्यासाठीं. लांबचा माल व लांबचा उतारू ही त्याची खरी गिऱ्हाइकें. सकाळीं गांवांतून निघून सायंकाळीं घरीं परतणारा मनुष्य त्या हिशेबांत नव्हताच. स्टेशन असणें आणि वेळेवर गाडी असणें, ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

पुढें खासगी मोटरी आल्या. मोटर भरली म्हणजे सुटावयाची, आणि जेथें उतारू थोडे तेथें ती जावयाचीच नाहीं. १९३९ च्या मोटार कायद्यानें परवाने व भाडीं ह्यांना कांहीं शिस्त लावली. पण आडगांवच्या मनुष्याला गाडीची हमी मिळाली नाहीं. ती मिळाली १ जून १९४८ रोजीं, जेव्हां राज्य परिवहनाची पहिली गाडी नगरहून पुण्यास निघाली. ह्याच जिल्ह्यानें तो मान मिळविला, ही लहान गोष्ट नव्हे.

श्रोतेहो, त्या गाडीचें तत्त्व साधें होतें. उतारू दहा असोत वा पन्नास, ठरल्या वेळीं गाडी निघालीच पाहिजे. चांगल्या चालणाऱ्या मार्गांवरील नफ्यांतून तोट्याचे मार्ग चालावयाचे. पण त्याच उत्पन्नांतून एस. टी.ला १७.५ टक्के प्रवासी कर भरावा लागे, आणि फायद्याच्या मार्गांवरील उतारू ‘वडाप’ जीपगाड्यांनी उचलण्यास आरंभ केला. नफा आटला, तेव्हां तोट्याचा मार्ग कोणाच्या बळावर चालावा? १९४८ पूर्वींचा ‘भरली कीं सुटेल’ हा न्याय असा मागच्या दारानें परत आला.

२०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला, त्या काळांत ह्याचा अर्थ पुष्कळांना कळला. ज्याच्या दारीं वाहन होतें तो निघाला. ज्याच्या दारीं नव्हतें त्याला शेजाऱ्याचें आर्जव करावें लागलें, वडापवाला मागेल तें भाडें द्यावें लागलें, नाहीं तर घरीं बसावें लागलें. मार्च २०२३ पासून स्त्रियांस एस. टी.त अर्धें भाडें झालें, ही स्तुत्य गोष्ट आहे; परंतु गाडी आली तरच अर्ध्या तिकिटाचा उपयोग!

सार्वजनिक वाहन कमी झाल्यानें प्रवासाचा खर्च नाहींसा होत नाहीं. तो सरकारच्या वहींतून घराच्या वहींत जातो. कर्जाचा हप्ता, पेट्रोल, दुरुस्ती हीं सर्व त्यांतच आलीं. आणि ज्या घरास तो खर्च झेपत नाहीं, तेथें प्रथम मुलीचें कॉलेज सुटतें व वृद्धाचा दवाखाना लांबतो. शहरांत दोन-दोन मोटरी बाळगणाऱ्या आपणांस हें सहज दिसत नाहीं. म्हणून गांवांत किती वाहनें आलीं हें मोजण्यापूर्वीं, वाहन नसलेला मनुष्य दिवेलागणीनंतर घरीं पोहोंचूं शकतो कीं नाहीं, हें विचारलें पाहिजे.