गीतरामायण नेमकं ऐकलं कुणी?

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या सकाळी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. कल्पना केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्याला एक, म्हणजे वर्षाची ५२ गीतं व्हायची. पण त्या साली अधिक मास आला आणि संख्या ५६ वर गेली. तेव्हापासून 'आमचं बालपण गीतरामायणावर पोसलं' हे वाक्य मराठी घरांत इतक्यांदा उच्चारलं गेलं आहे की ते तपासावं असं कुणाला वाटतच नाही. मूळ प्रसारणात पात्रागणिक गळे वेगळे होते. रामाची गीतं फडक्यांची, सीतेची माणिक वर्मांची. शिवाय वसंतराव देशपांडे, ललिता फडके, सुरेश हळदणकर, राम फाटक. आज मात्र कानाशी येतो तो एकट्या फडक्यांचा आवाज, अगदी सीतेच्या गीतांतसुद्धा. प्रसारण वर्षभरात आटोपलं; फडके मात्र पुढची कित्येक दशकं पेटी घेऊन सगळी पात्रं एकट्याने गात राहिले, आणि घरोघरी गेल्या त्या त्यांच्याच ध्वनिमुद्रिका नि कॅसेटी. रेडिओला हार घातल्याची आठवण १९५५ ची असेल. तिच्यासोबत वाजणारा सूर बहुधा नंतरचा आहे.

मग बालपणाचा संस्कार ही भाबडी समजूत म्हणायची का? तसं नाही. फक्त तो घडतो पुन:पुन्हा ऐकण्यातून, आणि लहान मूल काय ऐकणार हे घरातली मोठी माणसं ठरवतात. अमेरिकेत कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतल्या मुलांना जुन्या काळची लोकप्रिय गाणी ऐकवली. आईवडिलांच्या तरुणपणीची गाणी त्यांना विशेष जवळची वाटली. आजीआजोबांच्या काळापर्यंतही ही ओढ पोचत होती. १९७० नंतर जन्मलेल्या मराठी माणसाला गीतरामायण 'आपलं' का वाटतं, याचा उलगडा इथे होतो. त्याने प्रसारण ऐकलंच नव्हतं. त्याने ऐकलं ते आईवडिलांचं ऐकणं.

यावर कुणी म्हणेल, ही सारी रामकथेची पुण्याई. पण रामकथा मराठी मुलांच्या कानांवर आधीही पडतच होती: कीर्तनातून, श्रीधरांच्या 'रामविजया'तून, मोरोपंतांच्या आर्यांतून. कथा तीच असूनही १९५५ नंतर घराघरांत तोंडी राहिल्या त्या फडक्यांच्या चाली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रचनाच मुळात श्रेष्ठ, म्हणून टिकली. श्रेष्ठतेबद्दल वाद नाही. भरताची समजूत घालणारं यमनातलं गीत प्रौढपणी पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही थांबवतं. परंतु गुणवत्तेने दाद का मिळते ते कळतं; पुढे मैफलीत यमन सुरू होताच एखाद्याला आधी तेच गीत का आठवावं, हे कळत नाही. ती करामत लहानपणी कानांवर पडत राहिलेल्या चालीची.

एक गोष्ट मात्र तातडीने करण्यासारखी आहे. १९५५ साली दहा वर्षांचे असलेले श्रोते आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. तुमच्या घरात कुणी असेल तर सीतेचं गीत कुणाच्या आवाजात आठवतं, एवढं विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.