कुत्र्यांसाठी विषारी खाद्यपदार्थ

मनुष्याच्या नित्य आहारात असणारे, परंतु कुत्र्याच्या शरीरास अपाय करणारे पदार्थ म्हणजे कुत्र्यांसाठी विषारी खाद्यपदार्थ होत. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, झायलिटॉल आणि मद्य हे त्यांतील प्रमुख पदार्थ आहेत. हे पदार्थ कुत्र्याच्या पोटात कधी चुकून जातात, तर कधी घरातील माणसेच ते मायेने भरवतात. काही पदार्थांची बाधा तासाभरात दिसते, तर काहींची दिसण्यास कित्येक दिवस लागतात. त्यामुळे पदार्थ खाल्ल्यानंतर कुत्रा ठणठणीत दिसणे हा त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही.

बाधेचे स्वरूप

एखादा पदार्थ विषारी ठरणे हे त्याचे शरीरात विघटन कसे होते, यावर अवलंबून असते. मनुष्य व कुत्रा यांच्या चयापचयात भेद असल्याने एकाला निर्धोक असलेला पदार्थ दुसऱ्याला घातक ठरू शकतो. कुत्र्याचे वजन, वय, प्रकृती आणि खाल्लेले प्रमाण यांनुसार बाधेची तीव्रता बदलते. लहान चणीच्या कुत्र्यांना अल्प प्रमाणही धोक्याचे असते.

प्रमुख पदार्थ

चॉकलेट, चहा व कॉफी

चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन व कॅफिन ही द्रव्ये असतात. कुत्र्याच्या शरीरातील थिओब्रोमिनचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे १७.५ तास लागतात. दर किलो वजनामागे सुमारे २० मिलिग्रॅम थिओब्रोमिन पोटात गेल्यास उलटी, जुलाब व अस्वस्थता दिसते. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि ६० मिलिग्रॅमच्या पुढे झटके येऊ शकतात. चॉकलेट जितके गडद तितका धोका अधिक. १० किलो वजनाच्या कुत्र्यात सौम्य लक्षणे दिसण्यास दुधाचे चॉकलेट सुमारे १०० ग्रॅम लागते, तर बेकिंगसाठी वापरले जाणारे बिनसाखरेचे चॉकलेट सुमारे १५ ग्रॅमही पुरते. चहाची पूड व कॉफी यांतील कॅफिनचे परिणामही अशाच स्वरूपाचे असतात.

कांदा व लसूण

कांदा, लसूण, पातीचा कांदा इत्यादींमधील गंधकयुक्त संयुगे तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला इजा करतात. पेशी फुटू लागतात व रक्तक्षय होतो. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने हा गुणधर्म जात नाही. शरीराच्या वजनाच्या ०.५ टक्क्यांहून अधिक कांदा एका वेळी खाल्ल्यास, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने सुमारे ५० ग्रॅम खाल्ल्यास, बाधा संभवते. थोडा थोडा कांदा रोज पोटात गेल्यासही हानी साचत जाते. थकवा, फिकट हिरड्या, धाप आणि लालसर-तपकिरी लघवी ही लक्षणे बहुधा काही दिवसांनी उमटतात. तोवर कांदा खाल्ल्याचे घरच्यांच्या स्मरणातही नसते.

महाराष्ट्रातील घरांत आमटी-भात, रश्शात कुस्करलेली भाकरी असे उरलेले अन्न कुत्र्याला घालण्याची रीत आहे. फोडणीतील कांदा-लसूण, लसणीची चटणी व कांदा-लसूण मसाला यांमुळे अशा अन्नातून ही बाधा होऊ शकते.

द्राक्षे, बेदाणे व चिंच

द्राक्षे, बेदाणे व मनुका यांमुळे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे अचानक निकामी होतात. हा संबंध २००१ साली अमेरिकेतील पशुवैद्यकांनी निदर्शनास आणला. २०२१ साली द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे त्याचे संभाव्य कारण म्हणून पुढे आले. चिंचेतही हे आम्ल विपुल असते आणि चिंचेने अशीच बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. सुरक्षित प्रमाण निश्चित झालेले नाही. एका कुत्र्याला मूठभर द्राक्षांनी काही होत नाही, तर दुसऱ्याची प्रकृती थोड्याशा बेदाण्यांनी गंभीर होते. प्रारंभी उलट्या होतात, पुढे एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते किंवा थांबते. शिरा, खीर व लाडू यांतील बेदाणेही यास अपवाद नाहीत.

झायलिटॉल

साखरेऐवजी वापरला जाणारा हा गोड पदार्थ ‘शुगर-फ्री’ च्युइंगगम, काही टूथपेस्ट व काही प्रकारचे पीनट बटर यांत असतो. वेष्टनावर त्याचा उल्लेख कधी ‘ई-९६७’ किंवा ‘बर्च शुगर’ असा असतो. कुत्र्यात त्यामुळे इन्शुलिन एकदम स्रवते व रक्तातील साखर अनेकदा तासाभरातच कोसळते. दर किलोमागे ०.१ ग्रॅम एवढे प्रमाणही यास पुरेसे असते, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृतास इजा संभवते.

इतर पदार्थ

मद्य आणि यीस्ट घातलेली कच्ची कणीक यांतून अल्कोहोलची बाधा होते. कणीक पोटात फुगून पोटही ताणले जाते. बुरशी आलेल्या अन्नाने अंगाला कंप सुटतो. मॅकाडेमिया या कवचीफळाने मागचे पाय तात्पुरते दुबळे होतात. तेलकट-तुपकट पदार्थांनी स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. शिजवलेली हाडे विषारी नसली तरी त्यांच्या अणकुचीदार कपच्या अन्नमार्गास जखम करतात.

तातडीचे उपाय

लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यास कळवणे महत्त्वाचे असते. खाल्लेला पदार्थ, अंदाजे प्रमाण, वेळ व कुत्र्याचे वजन ही माहिती, तसेच पदार्थाचे वेष्टन उपचारास उपयुक्त ठरते. पहिल्या एक-दोन तासांत उलटी करवून बरेचसे विष बाहेर काढता येते. मात्र ते पशुवैद्याच्या देखरेखीखाली व्हावे लागते. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे धोकादायक आहे, कारण त्याने मिठाचीच विषबाधा होऊ शकते. बेशुद्ध असलेल्या किंवा झटके येत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही घातल्यास ते श्वासमार्गात जाण्याची भीती असते. बहुतेक विषांवर नेमका उतारा नाही. त्यामुळे सलाईन, औषधी कोळसा, ग्लुकोज, झटके थांबवणारी औषधे अशा उपायांनी शरीर सावरले जाते.

प्रतिबंध

कुत्र्याचे अन्न फोडणी, मीठ व मसाला पडण्यापूर्वीच वेगळे काढणे हा सर्वांत सोपा उपाय होय. साधा भात, हाडे काढलेली उकडलेली कोंबडी, उकडलेले अंडे व गाजर हे पदार्थ सामान्यतः निर्धोक असतात. कांद्या-लसणाची टोपली, सुका मेवा व चॉकलेट उंचावर ठेवणे आणि कचऱ्याचा डबा झाकणाचा वापरणेही हितावह असते. सणासुदीला घरी येणारे पाहुणे व लहान मुले यांना कोणते पदार्थ देऊ नयेत याची कल्पना आधीच दिल्यास बरेच अपघात टळतात.