सांगाडा आणि बांधणी : जुन्या मोटारींच्या पुनरुज्जीवनाचा ऐतिहासिक विचार (विशेष संदर्भ – पुणे शहर)

प्रस्तावना

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन करताना एक टप्पा असा येतो की, मोटारीची बॉडी तिच्या चॅसिसपासून पूर्णपणे सोडवून वर उचलली जाते. कारागीर याला सरळ 'बॉडी उतरवणे' म्हणतात. वरवर पाहता ही निव्वळ यांत्रिक बाब आहे. गंजलेले बोल्ट काढायचे, साखळीचा कप्पा लावायचा, चार-सहा माणसांनी तोल सांभाळायचा आणि बॉडी लाकडी घोड्यांवर ठेवायची, एवढेच तिचे स्वरूप दिसते. मात्र बॉडी उचलली जाते त्या क्षणी एका वस्तूच्या दोन वस्तू होतात, आणि त्या दोहोंचा इतिहास एकच असतो असे नाही. आपल्याकडील मोटारींच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने उद्योगसमूह, परवाने आणि उत्पादन या अंगांनी झाले आहे. वस्तू म्हणून मोटारीकडे, आणि त्यातही दुरुस्तीच्या अवस्थेतील मोटारीकडे, अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. पुण्यासारख्या वाहनोद्योगाच्या शहरात ही उणीव विशेष जाणवते. प्रस्तुत लेखात बॉडी उतरवण्याच्या प्रक्रियेकडे ऐतिहासिक पुराव्याच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

बग्गीचा वारसा

प्रारंभीच्या मोटारीची रचना घोडागाडीकडून आली होती. खाली चाके, स्प्रिंगा आणि वजन पेलणारा सांगाडा; वर सुताराने व लोहाराने घडवलेली बैठक. मोटार आली तेव्हा सांगाड्यावर इंजिन बसले, पण वरची बांधणी बग्गी बांधणाऱ्यांच्याच हाती राहिली. रोल्स-रॉईससारखी कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत ग्राहकाला केवळ चॅसिस विकत असे. त्यावर कोणाकडून कशी बॉडी बांधून घ्यायची हे ग्राहक ठरवी. भारतात कलकत्त्याची स्ट्युअर्ट आणि मद्रासची सिम्प्सन या पेढ्या याच परंपरेतल्या. सिम्प्सनची स्थापना १८४० ची, म्हणजे मोटारीच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. संस्थानिकांच्या मोटारींना आज जे मोल आले आहे, ते पुष्कळदा चॅसिसवरील नाममुद्रेइतकेच वरच्या बांधणीमुळे आले आहे. त्या बांधणीत आतून लाकडी चौकट असे व तिच्यावर पत्रा ठोकलेला असे. अशा मोटारीची बॉडी उतरवताना पत्र्यापेक्षा लाकडाचीच चिंता अधिक. सांध्यांत पाणी मुरून ते आतून कुजलेले असते आणि उचलताच बॉडी मधोमध वाकते. म्हणून दारांच्या मोकळ्या चौकटींना आधी आडवे-तिरपे आधार जोडून घ्यावे लागतात.

युरोप-अमेरिकेत १९२० ते १९५० या काळात ही द्विस्तरीय रचना मागे पडत गेली. १९२२ ची लान्सिया लाम्बडा आणि १९३४ ची सिट्रोएन ट्रॅक्शन आव्हाँ यांनी सांगाडा आणि बॉडी एकरूप करण्याचा मार्ग दाखवला. अशा एकसंध बांधणीच्या मोटारीत बॉडी हाच सांगाडा असतो. उतरवण्यासारखे काही उरत नाही.

स्वातंत्र्योत्तर मोटारी

पाश्चात्त्य पुस्तकांत जुन्या मोटारीच्या पुनरुज्जीवनाचा आदर्श म्हणून बॉडी उतरवण्याचे वर्णन येते. भारतीय संदर्भात तो आदर्श जसाच्या तसा लागू पडत नाही. परवाना-पद्धतीच्या काळात भारतीय रस्त्यांवर ज्या दोन मोटारींचे राज्य होते, त्या दोन्ही एकसंध बांधणीच्या होत्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट ११००, म्हणजे महाराष्ट्रात 'डुक्कर फियाट' या लाडक्या नावाने ओळखली गेलेली मोटार, आणि तिच्या वंशातली पुढची प्रीमियर पद्मिनी. तसेच मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली व २०१४ पर्यंत निघत राहिलेली ॲम्बॅसेडर. यांची बॉडी उतरवतो असे कोणी म्हणाल्यास त्याने मोटार पाहिलेलीच नाही असे समजावे. यांत इंजिन व पुढचा-मागचा साज खाली सोडवता येतो, पण सांगाडा वेगळा निघत नाही. तळाचा पत्रा कुजला तर तो कापून नवा जोडणे हाच मार्ग.

याला दोन ठळक अपवाद आहेत. पहिला स्टॅंडर्ड हेराल्डचा. मद्रासच्या स्टॅंडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने १९६१ पासून ही मोटार बनवली. इंग्लंडमध्ये १९५९ साली आलेल्या मूळ ट्रायम्फ हेराल्डला स्वतंत्र चॅसिस होती, तेव्हाच्या मानाने ती जुनाट वाटावी अशी. तिच्यामागे तांत्रिक मागासलेपण नव्हते. कंपनीला बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेला होता. त्यामुळे बॉडीचे भाग वेगवेगळ्या ठिकाणी तयार करून चॅसिसवर बोल्टने जोडावेत, अशी योजना करावी लागली. परदेशातून सुटे भाग आणून जुळणी करण्यासाठी तीच योजना सोयीची ठरली. उद्योगधंद्यातील एका खरेदीव्यवहाराचा परिणाम असा की, हेराल्डची बॉडी आजही तुकड्यातुकड्याने उतरवता येते.

दुसरा अपवाद जीपचा. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी या प्रतिरूपाच्या जीप भारतात अनेक दशके निघत राहिल्या. त्यांचा उंच बॉनेट हा नव्या, अधिक उंचीच्या इंजिनाला जागा करून देण्यासाठी आलेला. शिडीसारखा साधा सांगाडा आणि त्यावर बोल्टने बसवलेला उघडा टब, एवढीच जीपची बांधणी. यारीशिवायही काही माणसे मिळून तिचा टब उचलू शकतात. बॉडी उतरवण्याचे काम आपल्याकडे सर्वाधिक जीपवर का होते, याचे उत्तर येथेच मिळते.

पुणे : बॉडी बसवणारे शहर

पुण्याचा विचार केवळ हौशी मोटारमालकांपुरता करणे अपुरे ठरेल. चॅसिस वेगळी आणि बॉडी वेगळी ही पद्धत या शहरात सार्वजनिक वाहतुकीने रुजवली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. ती बेडफर्डच्या चॅसिसवरची, लाकडी बांधणीची व काथ्याच्या आसनांची होती. पुढे एस. टी. महामंडळाच्या दापोडी, औरंगाबादजवळील चिकलठाणा व नागपूरजवळील हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत कंपन्यांकडून आलेल्या चॅसिसवर बसबांधणी होत राहिली. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात महामंडळाने चालू स्थितीतील जुन्या बसगाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या बॉडी उतरवून त्याच चॅसिसवर पोलादी बांधणी करण्याचे काम हाती घेतले. गाडी तीच, नोंद तीच, पण प्रवाशाने पाहिलेली गाडी निराळी. मोटारप्रेमी ज्या कृतीला दुर्मीळ कौशल्य समजतात, ती दापोडीत रोजंदारीचे काम होती.

मालमोटारींचेही तसेच. चालकाच्या केबिनविना, उघड्या चॅसिसवर लाकडी खोक्यावर बसून, डोळ्यांवर चष्मा व तोंडाभोवती फडके गुंडाळून शेकडो किलोमीटर गाडी हाकणारे चालक एके काळी भारतीय महामार्गांवरचे नेहमीचे दृश्य होते. बॉडी पुढे कोठेतरी गावोगावच्या कारागिराकडे बांधली जाई. बग्गीच्या काळातील श्रमविभागणी भारतात मालमोटारीच्या रूपाने टिकली, असे म्हणता येते.

टेल्कोने १९६६ मध्ये पुण्यात पाय रोवले आणि १९७७ मध्ये येथून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले. या कारखान्याची प्रवासी वाहनांकडील वाटचाल मालवाहू सांगाड्यावरूनच झाली. १९८८ च्या टाटामोबाईल या पिकअपच्या शिडीवजा चॅसिसवर १९९१ मध्ये सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट ही वाहने आली आणि १९९४ मध्ये सुमंत मुळगावकरांच्या नावातील अक्षरे धारण करणारी सुमो आली. सिएराची मागील बाजूची वळणदार काच पाहून ती नवयुगाची गाडी वाटे. तिच्याखाली मात्र मालवाहू गाडीची हाडे होती. १९९८ च्या इंडिकाने ही परंपरा मोडली. ऑस्ट्रेलियातील निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री पुण्यात आणून एकसंध बांधणीची मोटार येथे घडवली गेली. अवघ्या सात वर्षांच्या अंतराने, एकाच शहरात, बॉडी उतरवता येणारी आणि न येणारी अशा दोन्ही पिढ्या निर्माण झाल्या.

उतरलेल्या बॉडीखाली

बॉडी उचलल्यावर जे दिसते ते अन्य कोणत्याही वेळी दिसत नाही. चॅसिस आणि बॉडी यांच्यामध्ये रबराच्या, कधी कातड्याच्या किंवा सायकलच्या टायरच्या तुकड्याच्या पट्ट्या असतात. कोणत्या बोल्टखाली किती पट्ट्या, याचा हिशेब काळजीपूर्वक ठेवला नाही तर नंतर दारे बसत नाहीत, हे प्रत्येक कारागीर जाणतो. इतिहासाच्या दृष्टीनेही त्या पट्ट्या बोलक्या असतात, कारण गाडी कोणत्या बाजूने खचली आणि ती कोणी कशी सावरली, हे त्या सांगतात. कर्णांची मापे घेतली की जुना अपघात उघड होतो. रिव्हेट काढून बोल्ट घातलेले दिसतात. ओझे वाढले म्हणून स्प्रिंगेला जोडलेले जादा पाते दिसते. पेट्रोल महागल्यावर डिझेल इंजिन बसवण्यासाठी कापून पुन्हा जोडलेली इंजिनाची बैठक दिसते. टबच्या तळाशी रंगाचे थर असतात : मालकाच्या आवडीचा लाल, त्याखाली एखाद्या सरकारी खात्याचा पांढरा, त्याखाली लष्करी हिरवा. पुणे व खडकी या छावण्यांच्या परिसरात असा तळाचा हिरवा रंग आश्चर्याचा वाटू नये.

यानंतर सांगाड्यावर वाळूचा मारा होतो. काही तासांत धातू स्वच्छ, राखाडी होतो आणि त्यावर प्रायमर चढतो. दोष कारागिराचा नव्हे. गंज ठेवून वर रंग देणे हा मूर्खपणा ठरेल. प्रश्न असा की, त्या काही तासांत जे नष्ट होते त्याची नोंद कोण ठेवतो? २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर काढले गेले, तेव्हा ते काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले. मोटारीला असे भाग्य नाही. तिच्या पुनरुज्जीवनात 'मूळ' याचा अर्थ कारखान्यातून बाहेर पडल्या दिवशीची स्थिती असा धरला जातो. भारतीय रस्त्यांवर गेलेली चाळीस वर्षे म्हणजे जणू साचलेला मळ. नाना पेठेत किंवा मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात शोधलेला पर्यायी भाग, स्थानिक लोहाराने ठोकलेले कोपरे, हे सारे 'चुकीचे' म्हणून बाजूला काढले जाते. वस्तुतः विलीजची कारखान्यातील रचना अमेरिकेतील आराखड्यांत सुरक्षित आहे. त्या जीपने महाराष्ट्रात काय केले, याचा लेख फक्त तिच्याच अंगावर आहे, आणि तोच प्रथम पुसला जातो.

कायदा कोणाला ओळखतो

कायद्याच्या दृष्टीने मोटारीची ओळख चॅसिसवर ठोकलेल्या क्रमांकात असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील मूळ कलम ४३ मध्ये, बॉडी बसवलेली नाही अशी चॅसिस बांधणीसाठी कार्यशाळेत अडकून पडल्यास तात्पुरत्या नोंदणीला मुदतवाढ देण्याची तरतूद होती. म्हणजे बॉडीविना सांगाडा हेही कायद्याच्या लेखी मोटार वाहन होते. सांगाड्याविना बॉडीला तसा दर्जा कधीच नव्हता. म्हणूनच वाळूच्या माऱ्यात किंवा घासकामात क्रमांकाची अक्षरे झिजली, तर उत्तम पुनरुज्जीवित मोटारही परिवहन कार्यालयाच्या दारात अनोळखी ठरते. जाणते कारागीर क्रमांकावर आधी जाड पट्टी चिकटवतात.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी व खासगी वापराची चारचाकी वाहने यात येतात. त्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे, चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, अशी अट आहे. अटीचा हेतू योग्य आहे. वारशाच्या नावाखाली बनावट गाड्या येऊ नयेत हे खरेच. परंतु डिझेल इंजिन बसवलेली जीप, बदललेल्या बॉडीची संस्थानी मोटार, यांचा बदल हाच त्यांचा इतिहास असतो. नोंदणी हवी तर मालकाने तो बदल उलटवावा, असाच संकेत या अटीतून जातो. बॉडी उतरवण्यापूर्वी व उतरवल्यानंतरची छायाचित्रे आणि मापे नोंदणीच्या कागदपत्रांसोबत घ्यावीत, एवढी साधी तरतूदही या प्रश्नाला पुरेशी दिशा देऊ शकेल.

सिएराच्या बाबतीत हा विषय अद्याप दूरचा वाटतो. तिच्या पहिल्या गाड्या ५० वर्षांचा उंबरठा २०४१ मध्ये गाठतील. मधल्या काळात १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी, तंदुरुस्तीची चाचणी आणि मोडीत काढण्याचे धोरण यांतून ज्या वाचतील, त्यांच्या बॉडी पुण्यातील कार्यशाळांत आताच उतरू लागल्या आहेत.