डिजिटल ओळख राज्याची सीमा ओलांडते तेव्हा

एका यंत्रणेने नोंदवलेली नागरिकाची ओळख दुसऱ्या यंत्रणेला वाचता व पडताळता येणे, यास डिजिटल ओळखीची परस्परसुसंगतता म्हणतात. तीच माहिती नागरिकाला स्वतःसोबत नेता येणे म्हणजे सुवाह्यता. गोव्यातून नोकरीनिमित्त इंदूरच्या विजय नगरमध्ये राहायला जाणाऱ्या कुटुंबाला या दोहोंचा प्रत्यय कागदपत्रांच्या कामात येतो.

जे सोबत जाते

गोव्यात मिळालेला वाहन परवाना डिजिलॉकरमधून दाखवल्यास तो इंदुरातही ग्राह्य ठरतो. २०१५ साली सुरू झालेल्या या सुविधेतील अधिकृत दस्तऐवजांना फेब्रुवारी २०१७ मधील नियमदुरुस्तीने मूळ प्रतीइतका दर्जा दिला.

शिधापत्रिकेचे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ व्यवस्थेचा प्रारंभ ऑगस्ट २०१९ मध्ये झाला. १ जानेवारी २०२० रोजी गोवा, महाराष्ट्र व मध्य प्रदेशासह १२ राज्ये परस्परांशी जोडली गेली, तर जून २०२२ मध्ये आसामच्या समावेशाने सर्व राज्ये तिच्यात आली. दुकानातील यंत्रावर शिधापत्रिका किंवा आधार क्रमांक देऊन बोटाचा ठसा जुळला की कुटुंबाचा कोटा दिसतो. काही धान्य इंदुरात व उरलेले गावाकडील कुटुंबीयांनी उचलणेही शक्य असते. मात्र ही सोय राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्यापुरती आहे. राज्याने स्वतः दिलेली वाढीव सवलत सीमेपलीकडे जात नाही.

जे मागे राहते

मध्य प्रदेशात ‘समग्र’ ही स्वतंत्र नोंदणी आहे. तिच्यात कुटुंबाला ८ अंकी, तर प्रत्येक सदस्याला ९ अंकी क्रमांक मिळतो. राज्याच्या अनेक योजना त्यावर आधारलेल्या असल्याने नवागताला तेथे नव्याने नोंद करावी लागते. राज्य सोडणाऱ्याला तो क्रमांक अन्यत्र उपयोगी पडत नाही.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून वितरण सुरू झालेले आधार ‘ही व्यक्ती कोण’ एवढेच सांगते. पात्रता ठरवत नाही. काही अडथळे तांत्रिक नसून कायद्याचे आहेत. स्थलांतरितास मूळ राज्याच्या जातीच्या दाखल्यावर नव्या राज्याचे आरक्षण मिळत नाही.

हक्काचा प्रश्न

युरोपीय संघात मे २०१८ पासून नागरिकाला स्वतःची माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. भारतात श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात तो होता. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मात्र तो नाही. त्यामुळे कोणती माहिती कोठे पोहोचावी, हे आज मुख्यतः शासकीय यंत्रणाच ठरवतात. नोंदी जितक्या जोडल्या जातील तितकी सोय वाढते, तशी पाळतीची शक्यताही. म्हणून कामापुरतीच माहिती, तीही संमतीने दिली जाणे, ही सुवाह्यतेची आवश्यक अट ठरते.

स्थलांतरापूर्वी सर्व दस्तऐवजांतील नाव व जन्मतारीख एकसारखी करून घेणे आणि आधारशी चालू मोबाइल क्रमांक जोडणे हितावह होय.