अफूची पैज ते ऑनलाइन कॅसिनो : जिंकलेले पैसे बुडाले, तर दाद कुठे?

१/ मोबाइलवरच्या कॅसिनोत दोन लाख जिंकल्याचे दिसते. पैसे काढू गेल्यास ‘पडताळणी अपूर्ण’, ‘बोनसची अट शिल्लक’ अशी उत्तरे येतात आणि एके दिवशी खातेच बंद होते. बीड, परळी किंवा माजलगावच्या खेळाडूला या रकमेसाठी दिवाणी दावा लावता येईल का? उत्तर शोधण्यासाठी १८४८ सालापर्यंत मागे जावे लागते.

२/ ईस्ट इंडिया कंपनी कलकत्त्यात अफूचा लिलाव करीत असे. पुढील लिलावात सरासरी भाव काय निघेल, यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावत. माल कुणीच घेत नसे. हार-जितीचा फरक तेवढा रोख चुकवायचा. हरणाऱ्याने हात वर केले की प्रकरण न्यायालयात जाई.

३/ रामलाल ठाकूरसीदास यांच्या नावाने ओळखला जाणारा असाच एक वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. इंग्लंडने १८४५ साली पैजेचे करार निरर्थक ठरवले होते. परंतु तो कायदा हिंदुस्थानला लागू नव्हता. म्हणून १८४८ मध्ये ‘पैज बेकायदा आहे’ हा बचाव फेटाळला गेला.

४/ सरकारने त्याच वर्षी २१ वा कायदा करून ही वाट बंद केली. पैजेचा करार निरर्थक ठरला आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा करण्याची मुभा संपली. १८७२ च्या करार कायद्यातील कलम ३० ने हाच नियम पुढे चालवला. मोठ्या बक्षिसाच्या घोड्यांच्या शर्यतीपुरता त्यात अपवाद आहे.

५/ मुंबई इलाखा आणखी पुढे गेला. १८६५ च्या कायद्याने पैजेला पूरक असलेले करारही निरर्थक ठरवले. म्हणजे सट्ट्यातील दलालालाही दाव्याचा आधार उरला नाही. इतरत्र असे व्यवहार निरर्थक असले तरी बेकायदा नाहीत, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या घेरूलाल पारख खटल्यात स्पष्ट केला.

६/ बीड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. १९४८ पर्यंत तेथे निजामाचा अंमल होता आणि जुगारासाठी फसली १३०५ चा हैदराबाद कायदा होता. भारतीय करार कायदा १९५१ मध्ये हैदराबाद राज्याला लागू झाला. कलम ३० बीडला पोहोचले ते असे.

७/ त्याच निजामी कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबवर खटला झाला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. पुढे ऑनलाइन रमी कंपन्यांनी याच निकालाची ढाल केली. रूलेट किंवा स्लॉटला मात्र तो आधार नाही. तिथे सगळा खेळ नशिबाचा.

८/ आता मूळ मुद्दा. जुगाराला उधारी व वसुलीचे बळ मिळू नये, हा १८४८ च्या नियमाचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखाच होता. अफूच्या पैजेत दोघेही व्यापारी. आज जिंकणारा उद्या हरणारा. ऑनलाइन कॅसिनोत मात्र खेळाडू पैसे आधीच भरतो. रक्कम अडवून ठेवण्याची संधी फक्त चालकाला असते. कायद्याचे दार दोघांना बंद, पण तिजोरीची किल्ली एकाकडेच.

९/ त्यातच चालक अनेकदा परदेशी असतो आणि क्युरासाओसारख्या बेटाचा परवाना दाखवतो. खुद्द महाराष्ट्राने १९७६ चा कॅसिनो कायदा कधीच अमलात आणला नाही. २०२३ मध्ये तो रद्द केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध आहेत. चालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळाडूला शिक्षा नाही.

१०/ शिक्षा नाही, म्हणजे जिंकलेली रक्कम मागण्याचा हक्क आहे असे नव्हे. बनावट ॲप दाखवून पैसे उकळले असतील, तर तो फसवणुकीचा गुन्हा. त्यासाठी १९३० हा सायबर मदत क्रमांक आहे. पण तिथे तक्रार करायची ती गेलेल्या पैशांची. पडद्यावर दिसलेले दोन लाख कायद्याच्या दृष्टीने कधी खेळाडूचे झालेलेच नसतात.