सुटीतील कादंबरी आणि निवडणारे हात

एप्रिल सरत आला, परीक्षांचे ओझे उतरले, की कसबा पेठेतील आपल्या कुटुंबांतून एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. पाचवी ते आठवीतील मुलांना जूनच्या मध्यापर्यंत वाचायला कोणती कादंबरी द्यावी? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यामागे आईवडिलांच्या तीन काळज्या असतात. मूल बिघडू नये, त्याला काही बोध व्हावा आणि इंग्रजी शाळेत जाता जाता त्याचे मराठी सुटू नये. या काळज्यांपैकी पहिल्या दोन तरी पुण्याला दीड शतकाहून अधिक काळ परिचित आहेत. त्यांचा इतिहास पाहिला असता आजच्या पालकांची वाट थोडी उजळेल, असे आम्हांला वाटते.

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. तिच्या तांबट आळीत जशी तांब्यापितळेची भांडी घडली, तसा तिच्याच कागदीपुऱ्यात हातकागद तयार होई. मात्र मुलांच्या हाती देण्याजोगे छापील मराठी पुस्तक मिळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीती’ व ‘बालमित्र’ ही भाषांतरे १८२८च्या सुमारास आली. १८४८ साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग पुढे मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळला आणि १८५१पासून दक्षिणा प्राइज कमिटी ग्रंथ पारखू लागली. अशा रीतीने पुस्तक निवडणारे हात सरकारचे आणि पंडितांचे होते. वाचणाऱ्या मुलाला काय रुचते, हे विचारण्याची रीत तेव्हा नव्हती.

मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. तिचे लेखक बाबा पदमनजी हे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते. पुढे काही काळ त्यांनी पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या मंडळीत पाळक म्हणून सेवा केली. हिंदू विधवांच्या स्थितीचे निरूपण करावे आणि ख्रिस्ती विचार वाचकांपुढे ठेवावा, हा त्यांचा हेतू उघड होता. तथापि आज ती कादंबरी उघडणाऱ्याच्या मनात काय राहते? उपदेशाची पाने मागे पडतात. यमुनेला प्रवासात भेटलेल्या विधवांची दुःखे मात्र राहतात. आम्ही स्वतः उपदेशाचे कार्य करणारे असल्यामुळे ही गोष्ट आम्हांला विशेष विचार करावयास लावते. कथेत माणूस खरा उतरला, तरच त्याच्याबरोबर आलेला बोध टिकतो.

त्यानंतरच्या अद्भुत, शृंगारिक कादंबऱ्यांविषयी जाणत्यांना शंका वाटू लागल्या. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल’ व नाटक यांची परखड चिकित्सा केली. १८९०पासून पुण्यात ‘करमणूक’ पत्र चालविणाऱ्या हरि नारायण आपटे यांनी वास्तवाशी नाते सांगणारी कादंबरी घडविली. त्यांची ‘उषःकाल’ ही शिवकालावरील कादंबरी मुलांनीही आपलीशी केली. कसब्यातील मुलाला तर लाल महालाची जागा चार पावलांवर. आजचा लाल महाल ही नवी उभारणी असली, तरी ‘उषःकाल’ वाचून तेथे उभे राहण्यात वेगळाच अर्थ असतो.

मुले मात्र मोठ्यांच्या यादीपुढे कधीच थांबली नाहीत. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांतील झुंजार आणि काळा पहाड अनेक घरांत पाठ्यपुस्तकाआड लपून वाचले गेले. याचा राग धरण्यापेक्षा त्यातील इशारा ओळखणे बरे. मुलाला पुढे काय घडेल याची ओढ हवी असते. ती ओढ चांगल्या पुस्तकाने पुरविली नाही, तर ते ती अन्यत्र शोधते. आज बहुधा मोबाइलच्या पडद्यावर.

ही ओढ आणि सद्भाव यांची सांगड विसाव्या शतकात काही लेखकांना साधली. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारून घराबाहेर काढते आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच मन कळवळते. कठोरपणा व माया एकाच हृदयात कशी नांदतात, हे त्या प्रसंगातून पाचवीतल्या मुलालाही कळते. ना. धों. ताम्हनकरांचा खट्याळ ‘गोट्या’ मुलांना हसवितो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेला, सायकलवरून शहरभर फिरणारा. १९७४पासून पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या कथांत मुलगा संकटात स्वतः विचार करतो, स्वतः निर्णय घेतो. सहावी-सातवीच्या वयाला हेच हवे असते.

आठवीतील मुलाला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) अवश्य द्यावी. माणदेशातील धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आणि दुष्काळाने ओस पडत जाणारी ती वाडी यांची ही कथा आहे. शहरातील मुलाला भूक आणि पाणी यांचा अर्थ कळावा, म्हणून याहून साधे पुस्तक आम्हांला ठाऊक नाही.

खरी कसोटी मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीपाशी लागते. आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुलांची ती गोष्ट. तीत कोवळे प्रेम आहे, मुलांच्या तोंडची शिवराळ भाषाही आहे. अनेक पालक ती दूर ठेवतात, आणि त्यांचा संकोच आम्ही समजू शकतो. सहावीच्या मुलासाठी ती नाहीच. परंतु आठवी पूर्ण केलेल्या मुलाच्या मनात जे चालले आहे, त्याला त्या पुस्तकात प्रामाणिक शब्द मिळाले आहेत. आईने किंवा वडिलांनी ती आधी स्वतः वाचावी, मग मुलाला द्यावी आणि त्याने विचारले तर मोकळेपणाने बोलावे. ज्या विषयावर घरात बोलणे होत नाही, त्यावर मुलाशी बोलणारे बाहेर पुष्कळ असतात.

तेव्हा पालकांना आमची विनंती एवढीच. या सुटीत अप्पा बळवंत चौकात मुलाला बरोबर घेऊन जावे. एक पुस्तक तुम्ही निवडावे, एक त्याला निवडू द्यावे, आणि त्याने निवडलेले तुम्हीही वाचावे. वाचून झाल्यावर सारांश लिहावयास सांगू नये, तात्पर्यही विचारू नये. संध्याकाळची जपमाळ आटोपली की जेवणाआधी एक प्रकरण कोणीतरी मोठ्याने वाचावे. आजीआजोबा घरात असतील, तर त्या वाचनाचा पहिला मान त्यांना द्यावा.